चौघांनी मिळून वाजवायचा अल्बम

सीडीचं पाकीट उघडलं की आत एक नाही, चार सीडी निघतात. चारही सीडींवर तीच आठ गाणी, त्याच क्रमानं. पहिली लावून ऐकली तर गाणं अर्धंमुर्धं वाटतं. कुठे मध्येच पोकळी, कुठे एखादं वाद्य कारण नसताना गर्जतं आणि गप्प होतं. दुसरी लावली तरी तेच. गाणं कुठल्याच एका सीडीत पुरतं सापडत नाही. चार वेगळे प्लेअर आणायचे, चार बाजूंना ठेवायचे, प्रत्येकात एकेक सीडी घालायची आणि चौघांनी एकाच क्षणी बटण दाबायचं. मग खोलीच्या मधोमध जे काही जमून येतं, ते गाणं.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या 'द फ्लेमिंग लिप्स' या बँडचा हा 'झायरीका' नावाचा आठवा स्टुडिओ अल्बम. तो ऑक्टोबर १९९७ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीनं काढला. 'विचित्र प्रयोग' म्हणून त्याची एका ओळीत बोळवण झालेली मी पुष्कळदा वाचली आहे आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे. या अल्बममागे एक पक्का विचार आहे, आणि तो समजला की सायकेडेलिक संगीत म्हणजे नेमकं काय हेही बरंचसं उलगडतं. म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी 'सायकेडेलिक' म्हणजे काय

या शब्दाबरोबर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रंगीबेरंगी कपडे, नशा आणि १९६० चं दशक येतं. ते सगळं होतंच. पण कानांपुरतं बोलायचं तर सायकेडेलिक रॉकचा हेतू साधा होता : रोजचा ओळखीचा आवाज अनोळखी करायचा. काळ लांबला-आखडल्यासारखा वाटावा, आवाज नेमका कुठून येतोय ते कळू नये, भिंती सरकल्याचा भास व्हावा. त्यासाठी टेप उलटी फिरवणं, प्रतिध्वनी चढवणं, एकच स्वर खालून अखंड धरून ठेवणं अशा युक्त्या होत्या. या शेवटच्या युक्तीचा उगम आपल्याला परका नाही. बीटल्सच्या १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बममधल्या शेवटच्या गाण्यात खालून चक्क तंबोरा वाजतो.

त्याच अल्बमच्या वेळी लंडनच्या स्टुडिओत केन टाउनसेंड या तंत्रज्ञानं एक युक्ती काढली. गायकाला तीच ओळ दोनदा गायला लावण्याऐवजी एकाच गायनाची नक्कल दुसऱ्या टेप-यंत्रावरून किंचित उशिरानं सोडायची आणि दोन्ही एकत्र करायची. उशीर सेकंदाच्या काही हजारांश भागांइतकाच. तेवढ्यानं आवाज जाड होतो, आणि उशीर कमीजास्त करत नेला तर तो सळसळत फिरू लागतो. विमान डोक्यावरून जाताना जशी 'श्शूऽऽ' अशी सरकती लकेर येते, तशी. तिला फेझिंग किंवा फ्लँजिंग म्हणतात, आणि त्या काळातल्या असंख्य गाण्यांत ती भेटते.

हे का होतं ते समजायला तंबोरा पुरेसा आहे. जोडाच्या दोन तारा तंतोतंत जुळल्या की आवाज स्थिर उभा राहतो. एक किंचित उतरली की तोच आवाज हलायला लागतो, लाटा येतात. दोन जवळजवळ सारख्या लहरी एकमेकींना कधी उचलून धरतात, कधी पुसून टाकतात. दोन टेपांच्या बाबतीतही पुसलं जाणं हेच मुळाशी आहे. सेकंदाला १००० कंपनांचा स्वर घ्या. त्याची एक लहर १ मिलिसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाची. त्याची नक्कल अर्धा मिलिसेकंद उशिरा आली तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि तो स्वर नाहीसा होतो. २००० कंपनांचा स्वर मात्र त्याच उशिरानं दुप्पट होतो. ३००० चा पुन्हा पुसला जातो. फणीच्या दातांसारखे हे खळगे एकाआड एक पडतात, आणि उशीर बदलला की फणी सरकते. ती सरकती फणी म्हणजेच ती सळसळ.

आवाजाचं स्वतःशीच किंचित न जुळणं हा सायकेडेलिक संगीताचा गाभा आहे असं मला वाटतं. 'झायरीका'चं सगळं कूळ या वाक्यात आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटन-अमेरिकेतल्या नव्या पिढीनं पंक या रांगड्या, झटपट रॉकनंतरच्या कोरडेपणात हे जुने रंग पुन्हा मिसळले. लिव्हरपूलचे 'एको अँड द बनीमेन', लॉस एंजेलिसचे 'पेझ्ली अंडरग्राउंड' म्हणून ओळखले जाणारे बँड, पुढे ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा 'टेम इम्पाला', या सगळ्यांना मिळून नव-सायकेडेलिक म्हणतात. १९८३ मध्ये सुरू झालेला फ्लेमिंग लिप्स त्यांच्यातलाच, पण यांतल्या कुणापेक्षाही धसमुसळा.

गिटारवाला गेला, मोटारी आल्या

गायक वेन कॉइन हा सीफूडच्या एका साखळी हॉटेलात अनेक वर्षं तळणाचं काम केलेला माणूस. १९९३ च्या अल्बममधलं एक गाणं उशिरा का होईना चाललं, टीव्हीवर झळकलं. मग १९९५ चा अल्बम फारसा खपला नाही, आणि १९९६ मध्ये गिटारवादक रोनाल्ड जोन्स बँड सोडून गेला. जोन्सच्या गिटारवरच त्यांच्या आवाजाचा डोलारा उभा होता. मागे उरले तिघे : कॉइन, बेसवर मायकेल आयव्हिन्स आणि ड्रमपासून पियानोपर्यंत काहीही वाजवू शकणारा स्टीव्हन ड्रोझ्ड. दुसरा कुणी असता तर नवा गिटारवादक शोधला असता. कॉइननं मोटारी गोळा केल्या.

त्यानं सुमारे ४० कॅसेट तयार केल्या, प्रत्येकीत वेगळा तुकडा. ओळखीच्या-अनोळखी लोकांना मोटारी घेऊन पार्किंगच्या इमारतीत बोलावलं, प्रत्येक गाडीत एक कॅसेट दिली, दारं-काचा उघड्या ठेवायला सांगितलं, आणि इशारा झाला की सगळ्यांनी एकदम चालू करायचं. १९९७ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या संगीत महोत्सवातही असा खेळ झाला. तिथे रंगमंच नव्हता, वादक नव्हते. लोक गाड्यांमधून चालत फिरायचे आणि ज्याची जिथे पावलं पडतील तिथलं संगीत त्याचं.

ही कल्पना आभाळातून पडलेली नव्हती. जॉन केज या अमेरिकन संगीतकारानं १९५१ मध्ये १२ रेडिओंसाठी एक रचना लिहिली होती. एकेका रेडिओवर दोघे, एक स्टेशन फिरवणार आणि दुसरा आवाज कमीजास्त करणार. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडनं मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये आवाज श्रोत्यांभोवती फिरवला. सत्तरच्या दशकात चार स्पीकरांच्या रेकॉर्डी निघाल्या आणि बाजारात आपटल्या. पण या सगळ्यांत सूत्र वाजवणाऱ्याच्या हातात होतं. कॉइननं ते मोटारीच्या मालकाच्या हातात दिलं. माझ्या मते त्याचं मोठेपण इथे आहे.

घरात मात्र ४० मोटारी येणार नाहीत. मग किती? चार. चार प्लेअर मित्रमंडळींत जमवता येतात. कंपनीला हे पटवणं सोपं नव्हतं; बँडच्या व्यवस्थापकानं याच्या जोडीला नेहमीसारखा एक अल्बमही देण्याचं बोलून संमती मिळवली.

नाव कॉइननं 'झाईर' (आफ्रिकेतला एक देश) आणि 'युरेका' हे शब्द जोडून केलं : एकात अराजक, दुसऱ्यात सुचण्याचा आनंद. १९९७ हे झाईरमध्ये सत्ता उलथली आणि देशाचं नावच बदललं ते वर्ष. कोट्यवधी माणसांच्या देशाचं नाव गोंधळाची खूण म्हणून वापरलेलं मला आजही खटकतं. अल्बमवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे नोंदवून ठेवतो.

चार घड्याळं

ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क राज्यातल्या कसाडागा गावात, डेव्ह फ्रिडमन या निर्मात्याच्या टारबॉक्स रोड स्टुडिओत झालं. तिथे चार जोड्या स्पीकर एकाच यंत्रणेला बांधलेले असणार, म्हणजे सगळं काटेकोर. घरी तसं नाही, आणि अल्बमचा खरा जीव इथेच आहे. चार प्लेअर तंतोतंत एकत्र का चालत नाहीत?

पहिलं कारण बोटं. एक-दोन-तीन म्हणून चौघांनी बटण दाबलं तरी सेकंदाच्या दहाव्या भागाइतका फरक सहज पडतो. दुसरं कारण मोटर. बटण दाबल्यावर सीडी वेग घेते, लेझर गाण्याची जागा शोधतो आणि मग आवाज सुटतो. जुना प्लेअर दमानं उठतो, नवा चटकन. सुटण्याचा हा उशीर प्रत्येक यंत्राचा आपापला असतो, म्हणून गाण्याच्या आधी क्रमांक बोलून दाखवलेला आहे. तो ऐकून कोण पुढे, कोण मागे ते कळतं आणि पुढच्या गाण्याला सावरून घेता येतं.

तिसरं कारण सगळ्यांत सुंदर आहे. सीडीवर डाव्या आणि उजव्या आवाजाचे प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. ते किती वेगानं वाचायचे हे प्लेअरमधला क्वार्ट्‌झचा स्फटिक ठरवतो, हातातल्या घड्याळात असतो तसाच. कुठलेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. समजा एखादा दहा लाखांत ५० इतका चुकतो. म्हणजे एका सेकंदात नगण्य, पण पाच मिनिटांच्या गाण्यात १५ मिलिसेकंद. दुसरा प्लेअर तेवढाच उलट बाजूला चुकत असेल तर दोघांत ३०. न थांबवता पाऊण तास चालू ठेवलं तर एकेकाचा फरक १३५ मिलिसेकंदांच्या घरात जातो. गाणं सुरू होताना ज्यांनी हातात हात धरला होता, ते शेवटी एकमेकांना दुरून हाका मारत असतात.

चौथं कारण खोलीच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. तुम्ही एका स्पीकरला टेकून बसलात आणि दुसरा चार मीटरवर असेल तर त्याचा आवाज १२ मिलिसेकंद उशिरा येतो. उठून खुर्ची बदला, हिशेब बदलला.

आता कानाचं वागणं पाहा. तोच आवाज दोन सीडींवर असला आणि फरक काही मिलिसेकंदांचा पडला, तर मघाची सरकती फणी तयार होते. ३०-४० मिलिसेकंदांपर्यंत कान दोन्ही आवाज एकच धरतो, फक्त तो जाड आणि रुंद झालेला असतो. त्यापुढे गेला की प्रतिध्वनी सुटा ऐकू येतो, आणि आणखी पुढे लयच दुभंगते. क्रिकेटचा सामना चालू असताना शेजारच्या घरात विकेट आपल्याआधी पडते, हा अनुभव डिशवाल्या आणि मोबाइलवाल्या सगळ्यांना आहे. हे तेच, फक्त इथे चारही घरं एकाच खोलीत आहेत.

म्हणजे टाउनसेंडनं १९६६ मध्ये जे स्टुडिओत मेहनतीनं घडवलं आणि कायमचं टेपवर गोठवलं, ते इथे आपोआप घडतं, आणि गोठत नाही. हा अल्बम दोनदा सारखा ऐकताच येत नाही. चारांपैकी हव्या तेवढ्याच सीडी लावायच्या म्हटलं तर एकेकट्या ४, जोड्या ६, तिकड्या ४ आणि चारही मिळून १, असे १५ प्रकार होतात. त्या प्रत्येकात बोटांचा, स्फटिकांचा आणि खुर्चीचा फरक वेगळा.

गाणी

तंत्राच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते : गाणी चांगली आहेत. 'राइडिंग टू वर्क इन द इयर २०२५' या गाण्याचं साल आता उलटून गेलं. त्याच्या सुरावटीत जो उदास भव्यपणा आहे, तो चारही दिशांनी अंगावर आला की माणूस बोलायचा थांबतो. 'थर्टी-फाइव्ह थाउजंड फीट ऑफ डिस्पेअर' हे ३५ हजार फुटांवरच्या विमानाच्या वैमानिकाचं, नावाप्रमाणेच काळोखी गाणं. 'मार्च ऑफ द रॉटन व्हेजिटेबल्स'मध्ये ड्रोझ्डचा ड्रम खोलीभर वाटला गेला आहे. ढोल-ताशा पथकाच्या मधे उभं राहिल्यावर कुठला टोल कुठून येतो ते कळेनासं होतं आणि छातीच ते ठरवते, तसं.

'हाउ विल वी नो' जरा जपून ऐकायचं. त्यात फार उंच आणि फार खालचे स्वर मुद्दाम घातले आहेत. काही श्रोत्यांना भोवळल्यासारखं होऊ शकतं, गाडी चालवताना ऐकू नका, अशी सूचना अल्बमवरच छापलेली आहे. प्रसिद्धीसाठीची ही चाल नव्हे. खूप वरच्या स्वरांचा जोर डोकं थोडं वळवलं तरी बदलतो, आणि अगदी खालच्या स्वरांची दिशा कानाला जवळपास कळतच नाही. दोन्ही एकत्र आले की आवाज नेमका कुठून येतोय याचा अंदाज लागेनासा होतो. लहान बाळ घरात असेल तर हे गाणं सोडून द्या.

अल्बम आला तेव्हा एका अमेरिकन संगीत-संकेतस्थळानं त्याला १० पैकी शून्य गुण दिले. चार प्लेअर कोण आणणार, हाच राग मुख्य होता. तो राग मला कळतो. पैसे मोजून घेतलेली वस्तू एकट्याला वापरता येऊ नये हे ग्राहकाला टोचणारच. पण १९९७ म्हणजे वॉकमन-डिस्कमनची, कानात दोन बोंडं घालून एकेकट्यानं ऐकण्याची सवय पक्की झालेला काळ. त्या काळात तीन माणसांना घरी बोलावल्याशिवाय वाजत नाही असं काही बनवणं ही संगीतावरच्या मायेची गोष्ट आहे.

पुढच्या वर्षी बँडनं हेच प्रेक्षकांबरोबर केलं. श्रोत्यांतल्याच लोकांच्या हाती टेपरेकॉर्डर देऊन त्यांचे दोन गट केले, आणि कॉइन व ड्रोझ्ड समोर उभे राहून आवाज चढवा-उतरवा असं हातवाऱ्यांनी सांगत. १९९९ मध्ये आला 'द सॉफ्ट बुलेटिन', कंपनीला कबूल केलेला साध्या एका सीडीचा अल्बम. बँडची सगळ्यांत वाखाणली गेलेली कामगिरी तीच. त्यातले ऑर्केस्ट्रासारखे थरांवर थर, गिटारची उणीव भासू न देणारी रचना, हे सगळं चार सीडींचा हिशेब मांडताना हाताला लागलेलं आहे. 'झायरीका' २०१३ मध्ये चार रेकॉर्डींच्या संचातही निघाला. २०११ मध्ये तर त्यांनी बारा फोनवर एकदम वाजवायची एक रचना यूट्यूबवर टाकली होती.

आज करून पाहायचं असेल तर सीडी प्लेअरच हवा असं नाही, चार फोन किंवा लॅपटॉप चालतात. फक्त ब्लूटूथ टाळा. बिनतारी स्पीकर आवाज साठवून मग सोडतो आणि त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, प्रत्येक स्पीकरचे वेगळे. मग अल्बमचा फरक कुठला आणि स्पीकरचा कुठला हेच कळत नाही. वायरचे स्पीकर घ्या, चारही शक्यतो वेगळ्या जातीचे. एखादा फुटका असला तरी चालेल.

आम्ही तो पहिल्यांदा ऐकला पुण्यातल्या भाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मित्रानं संच आणला होता. घरात होते एक डेस्कटॉप काँप्युटर, एक लॅपटॉप, टीव्हीला जोडलेला डीव्हीडी प्लेअर आणि घरमालकांकडून मागून आणलेला सीडी चालणारा टू-इन-वन. पहिल्या दोन गाण्यांत नुसता गोंधळ झाला. डीव्हीडी प्लेअर प्रत्येक वेळी मागे राहायचा. मग त्याच्याजवळ बसलेल्यानं आकडा पुरा व्हायच्या आधीच बटण दाबायला सुरुवात केली आणि तिसऱ्या गाण्याला पहिल्यांदा चारही एकत्र निघाले. कुणी काही बोललं नाही. एकजण उठून खोलीभर हळूहळू फिरायला लागला, मग दुसरा, आणि थोड्या वेळानं आम्ही चौघेही त्या दहा बाय बाराच्या खोलीत एकमेकांना वाट देत फिरत होतो.

शेवटच्या गाण्याच्या अखेरीला कुत्री भुंकतात, चारही बाजूंनी. ती भुंकत असतानाच लॅपटॉप थांबला. मग काँप्युटर. मग डीव्हीडी प्लेअर. टू-इन-वनमधलं एक कुत्रं अजून भुंकत होतं, आणि ते थांबेपर्यंत आम्ही सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे होतो.